चाक सरळ फिरतंय, तरी स्पोक तुटतात : घरच्या घरी ताण कसा तपासायचा?

वळणवाट

गेल्या आठ महिन्यांत माझ्या मागच्या चाकाचे तीन स्पोक तुटले. तिन्ही डावीकडचे, म्हणजे चेनच्या विरुद्ध बाजूचे. तिन्ही हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) भोकापाशी, तार जिथे वाकून आत शिरते तिथेच तुटले. दर वेळी नवा स्पोक घातला, आउट (चाकाचं डावं-उजवं डगमगणं) काढला आणि चाक ब्रेकच्या रबरांमधून न घासता फिरलं की काम झालं असं समजत आलो. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा मात्र चाक उतरवून मांडीवर घेतलं आणि एकेक तार बोटांनी दाबून पाहिली. काही तारा काठीसारख्या ताठ होत्या, तर त्यांच्या शेजारच्या इतक्या सैल की अंगठ्याने सहज वाकाव्यात. आणि तरी हे चाक अगदी सरळ फिरत होतं!

इतके दिवस मी 'चाक सरळ' आणि 'ताण सारखा' या दोन गोष्टी एकच धरून चाललो होतो. रिम (चाकाचं बाहेरचं गोल कडं) कुठे किंचित वाकली असेल, तर एका स्पोकने जोरात ओढून आणि शेजारच्याने ढील देऊन ती सरळ दिसू शकते. नुसत्या नजरेला त्यातलं काहीच कळत नाही.

मी आत्ता काय करतोय ते लिहितो, चुकत असेन तर सांगा. सायकल उलटी उभी करतो. हवा भरायच्या वॉल्व्हपासून स्पोक मोजायला सुरुवात करतो, म्हणजे कुठला पहिला आणि कुठला सातवा यात घोळ होत नाही. आधी एका बाजूचे सगळे, मग दुसऱ्या बाजूचे. प्रत्येक स्पोक रिमच्या जवळच्या भागात नखाने छेडतो आणि आवाज ऐकतो. 'टण्ण' वाजला तर ठीक, 'थप' वाजला तर वहीत खूण. ३२ स्पोकांचं चाक आहे, म्हणजे एका बाजूला १६. त्यातले डावीकडचे पाच 'थप' निघाले.

प्रश्न असे : फरक किती चालतो? उजवीकडचे सगळेच स्पोक डावीकडच्यांपेक्षा बरेच चढ्या आवाजात वाजतात, ते बरोबर आहे का? आणि ताण मोजायचं यंत्र घेतल्याशिवाय हे काम नीट होऊ शकतं का?

नवशिकी

धागा अगदी वेळेवर आला. माझ्याही मागच्या चाकातून चढावर जोर लावला की 'टिक टिक' येतं. वाचते आहे.

रिमझिम

वळणवाट, तुम्ही योग्य जागी हात घातला आहे. गेली काही वर्षं मी स्वतःची आणि मित्रमंडळींची चाकं बांधते, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी डाव्या-उजव्याचं. मागच्या चाकात उजवीकडे गिअरच्या चकत्या बसतात, म्हणून उजवी फ्लँज (हबची कडा, जिच्या भोकांत स्पोक अडकतात) आत, मधल्या रेषेच्या जवळ सरकवलेली असते. डावी फ्लँज तशी लांब राहते. उजवीकडचे स्पोक रिमला जवळजवळ उभे जातात, डावीकडचे तिरपे. रिम मध्यावर राहायची तर दोन्हीकडची बाजूची ओढ सारखी हवी. उभ्या स्पोकाची बाजूची ओढ कमी पडते, म्हणून त्याला जास्त ताणावं लागतं. उजवी फ्लँज मध्यापासून १८ मिमी आणि डावी ३६ मिमी असेल, तर डावीकडचा ताण उजवीकडच्या साधारण निम्मा येणार. हा दोष नाही, चाकाची रचनाच तशी आहे. पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असेल तर तिथे उलट होतं, डिस्कच्या बाजूचे म्हणजे डावीकडचे स्पोक जास्त ताठ असतात. साध्या ब्रेकच्या पुढच्या चाकात दोन्ही बाजू सारख्या हव्यात.

तेव्हा तुलना नेहमी त्याच बाजूच्या शेजाऱ्यांशी करायची. डाव्याची उजव्याशी करू नका.

आता स्पोक का तुटतात ते. बरेच जण समजतात की जास्त ताणल्याने तुटतात. हबपाशी तुटणारे बहुतेक स्पोक सैल राहिल्यामुळे तुटलेले असतात. आपण सायकलवर बसलो की वजन खालच्या काही स्पोकांवर येतं, पण येतं ते त्यांचा ताण कमी करून. तार काही खांबासारखी दाबली जाऊन वजन पेलत नाही. ती आधीच ताणलेली असते आणि चाकाच्या खालच्या टोकाशी आली की तेवढ्यापुरती थोडी ढिली होते. चाकाच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक स्पोक असा एकदा ढिला होतो आणि पुन्हा ताणला जातो. मुळातच सैल असलेला स्पोक त्या क्षणी पार शून्यावर येतो, त्याची मान भोकात हलते आणि वाकलेल्या जागी धातू थकत जातो. काही हजार किलोमीटरांनी तिथे चीर पडते. मागच्या चाकात डावीकडचे स्पोक आधीच निम्म्या ताणावर असतात, त्यामुळे जरा दुर्लक्ष झालं की आधी बळी त्यांचाच जातो. तुमचे तिन्ही तिथलेच गेले, यात मला आश्चर्य वाटत नाही.

सैलपणाचा दुसरा परिणाम म्हणजे निपल (रिममधली छोटी नट, जी फिरवून स्पोक ताणतात) आपोआप उलटा फिरून आणखी सैल होतो. पुरेशा ताणावर असलेला निपल रिममध्ये घट्ट दाबलेला असतो, तो असा फिरत नाही.

घाटरस्ता

खालचा स्पोक ढिला होतो हे मी घरी करून पाहिलं आहे. सायकल भिंतीला टेकवून कुणाला तरी वर बसायला सांगायचं आणि जमिनीच्या अगदी वर असलेला खालचा स्पोक छेडायचा. माणूस बसला की आवाज उतरतो, उठला की पुन्हा चढतो. वरच्या टोकाचा स्पोक छेडून पाहा, माणूस बसो वा उठो, त्याच्या आवाजात फारसा फरक पडत नाही. मला वाटायचं की आपण वरच्या तारांना लटकलेले असतो. तो समज त्या दिवशी गेला.

कानसेन

आवाजाबद्दल मला पोटतिडकीने लिहायचं आहे, कारण लोक त्याला अंदाजपंचे काम समजतात. तसं ते नाही.

ताणलेल्या तारेची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. ताण १० टक्क्यांनी वाढला तर आवाज ५ टक्क्यांनी चढतो. सा पासून कोमल रे पर्यंतचं अंतर साधारण ६ टक्क्यांचं, म्हणजे दोन स्पोकांमध्ये एवढा फरक ऐकू आला की त्यांच्या ताणात साधारण १२ टक्क्यांचा फरक आहे. सा आणि शुद्ध रे एवढा असेल तर पाव हिस्स्याहून थोडा जास्त. ज्याला सा आणि रे वेगळे ऐकू येतात, त्याला ताणातला पाव हिश्श्याचा फरक यंत्राशिवाय कळतो. गाणं शिकलेलं असायचीही गरज नाही, कारण दोन स्पोक पाठोपाठ छेडले की कुठला चढा ते कुणालाही कळतं.

फोनवर वाद्य जुळवायचं ट्यूनर अ‍ॅप असेल तर थेट हर्ट्झमध्ये आकडा मिळतो. शांत खोलीत, फोन स्पोकाच्या अगदी जवळ धरून प्रत्येक स्पोक दोन-तीनदा छेडा आणि सारखा येणारा आकडा वहीत लिहा. शेजारचे स्पोक दुसऱ्या हाताने हलके धरून ठेवा, नाहीतर त्यांचाही आवाज मिसळतो.

आकड्यावरून प्रत्यक्ष ताणही काढता येतो. तारेचं दर मीटरला वजन, वाजणाऱ्या भागाच्या लांबीचा वर्ग आणि कंपनसंख्येचा वर्ग, यांचा गुणाकार करून त्याला ४ ने गुणायचं. २ मिमी जाडीची पोलादी तार मीटरला साधारण २५ ग्रॅम भरते. वाजणारा भाग २० सेंमी आणि आवाज ५०० हर्ट्झ असेल, तर ताण साधारण १००० न्यूटन, म्हणजे १०० किलोच्या आसपास. इथे 'वाजणारा भाग' काळजीने मोजा. स्पोक एकमेकांना ओलांडताना जिथे घासून जातात, तिथून निपलपर्यंतचाच भाग वाजतो. लांबी १० टक्के चुकली तर ताणाचं उत्तर २० टक्के चुकतं. म्हणून मी या प्रत्यक्ष आकड्याला अंदाजच म्हणतो. एका बाजूच्या स्पोकांची आपसातली तुलना मात्र पक्की असते, कारण तिथे लांबी आणि जाडी सगळ्यांची सारखीच.

नवशिकी

कानसेन, माझ्या चाकात काही तारा मधे बारीक आणि टोकांना जाड आहेत, आणि तुटल्यावर बदललेल्या दोन सरळ एकाच जाडीच्या आहेत. त्यांची तुलना करता येईल का?

कानसेन

नाही. मधे बारीक असलेली तार हलकी असते, त्यामुळे त्याच ताणावर ती चढी वाजते. त्या दोन जाड तारा कानावरून जोखल्या तर तुम्ही त्या विनाकारण जास्त ताणाल. त्या दोघींची तुलना फक्त एकमेकींशी करा. बाकी दाबून आणि रिमचं सरळपण बघून ठरवा.

मोजपट्टी

यंत्राबद्दल विचारलं आहे म्हणून सांगतो. मी पार्क टूल या कंपनीचं टीएम-१ हे ताण मोजायचं यंत्र वापरतो. दोन खुंट्यांमध्ये स्पोक धरून मधली खुंटी स्प्रिंगच्या जोराने त्याला बाजूला ढकलते, आणि स्पोक किती ढळला ते पट्टीवर दिसतं. तो आकडा म्हणजे ताण नव्हे. स्पोकाची जाडी आणि धातू पाहून सोबतच्या तक्त्यातून ताण काढायचा. मधे बारीक असलेल्या स्पोकाची जाडी मधल्या भागातच मोजायची, टोकाची जाडी धरली की सगळं उत्तर चुकतं. हात सोडतानाही यंत्र हळूच सोडा, झटका बसला तर आकडा बदलतो.

फरक किती चालतो याचं उत्तर : पार्क टूलची शिफारस अशी की एका बाजूचे सगळे स्पोक त्या बाजूच्या सरासरीच्या २० टक्के वर-खाली या पट्ट्यात असावेत. मी १० टक्क्यांत आणायचा प्रयत्न करतो. नव्या रिमवर ते जमतं, जुन्या वाकलेल्या रिमवर नाही.

ताण किती असावा हे रिम बनवणाऱ्याने दिलं असेल तर तेच पाळा. साधारणपणे मागच्या चाकाच्या चेनकडच्या बाजूला १०० ते १२० किलो हा पल्ला पुष्कळ रिमांना लागू पडतो, पण हलक्या किंवा जुन्या रिमची मर्यादा कमी असू शकते. मर्यादेपलीकडे ताणलं तर रिमला निपलच्या भोकांभोवती चिरा पडतात. घरी काहीही करण्याआधी टॉर्च घेऊन त्या भोकांभोवती नीट पाहा. चीर दिसली तर स्पोकाला हात लावू नका, ती रिम बदलायचीच.

वळणवाट

मोजपट्टी, घरी साधं वजन लटकवून असंच यंत्र करता येईल का? स्पोकाच्या मधोमध १ किलो वजन आणि किती वाकला ते पट्टीने मोजायचं?

मोजपट्टी

करून पाहिलं होतं. २० सेंमी भागाच्या मध्यावर १ किलोचा जोर दिला आणि ताण १०० किलो असला, तर स्पोक अवघा अर्धा मिलिमीटर ढळतो. ताण ८० किलो असेल तर सव्वासहा दशांश मिलिमीटर. हा फरक साध्या पट्टीवर दिसणार नाही, डायल गेज (बारीक अंतर मोजायचं काट्याचं यंत्र) लागेल. त्यापेक्षा कानसेन यांची रीत घरासाठी खरोखरच चांगली.

घाटरस्ता

टायरमधली हवा काढून मोजायचं की भरून?

रिमझिम

काढून. टायर फुगला की तो रिमला आतल्या बाजूला दाबतो आणि स्पोकांचा ताण उतरतो. जास्त दाबाच्या अरुंद टायरमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो. रिम बनवणारे जो आकडा देतात तोही सहसा टायरविना. काहीही निवडा, पण आज हवा काढून आणि पुढच्या महिन्यात भरून मोजलं तर वहीतले आकडे एकमेकांशी जुळणार नाहीत.

वळणवाट

ठीक. आता तपासणीनंतरचं. पाच सैल स्पोक सापडलेत. नुसते ताणले तर चाक डावीकडे ओढलं जाणार. मग?

रिमझिम

इथेच बहुतेकांची गाडी अडते, म्हणून सावकाश लिहिते.

पहिलं म्हणजे पाना. निपलच्या मापाचाच हवा. पुष्कळ निपल ३.२३ मिमीचे असतात, काही ३.३० आणि काही ३.४५ मिमीचे. मोठ्या पान्याने एकदा कोपरे झिजले की तो निपल कायमचा गेला. ज्या पान्यात निपल सर्वांत घट्ट बसतो, तो बरोबर. प्रत्येक निपलच्या आट्यांवर आणि रिममध्ये तो जिथे टेकतो तिथे तेलाचा एक थेंब सोडा. जुन्या चाकात तर दहा मिनिटं मुरू द्या.

दुसरं, कुठल्या दिशेला फिरवायचं. टायरच्या बाजूने निपलकडे पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने घट्ट होतो. पण सायकलवर लावलेल्या चाकाच्या खालच्या भागाकडे आपण वरून, म्हणजे हबच्या बाजूने पाहतो, तेव्हा तीच दिशा उलटी दिसते. सुरुवातीला मी रिमवर चिकटपट्टीवर बाण काढून ठेवायचे. चूक एकदाच होते, पण ती झाल्यावर चाक इतकं बिघडतं की तासभर जातो.

तिसरं, किती फिरवायचं. निपलचे आटे इंचाला ५६ असतात, म्हणजे पूर्ण एक फेरा फिरवला तर स्पोक साधारण ०.४५ मिमी ओढला जातो. आणि २९ सेंमी लांबीची, २ मिमी जाडीची पोलादी तार १०० किलो ताणावर ताणून किती वाढते? तीही साधारण तेवढीच, अर्ध्या मिलिमीटरच्या आत. रिम थोडी दबते म्हणून एका फेऱ्याने प्रत्यक्षात १०० किलो वाढत नाहीत, पण पाव फेरासुद्धा लहान नाही हे यावरून कळेल. म्हणून एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

आता खरी युक्ती. सैल स्पोक एकटा क्वचितच असतो. त्याच बाजूचा त्याचा शेजारी बहुतेक वेळा जास्त ताणलेला सापडतो, कारण आउट काढताना कुणीतरी नेमका तोच ओढलेला असतो. सैल स्पोक पाव फेरा घट्ट करा आणि त्याच बाजूचा ताठ शेजारी पाव फेरा सैल करा. दोन्ही एकाच बाजूला ओढत असल्याने रिम जवळपास जागेवर राहते, ताण मात्र वाटला जातो. दोन्हीकडचे शेजारी ताठ आणि मधला सैल असेल तर मधला अर्धा फेरा घट्ट (दोनदा पाव पाव), शेजारचे दोघं पाव पाव सैल. मग पुन्हा छेडून ऐका, पुन्हा सरळपणा पाहा.

सरळपणा पाहायला स्टँड लागत नाही. फ्रेमच्या मागच्या दांड्याला झिप टाय बांधून तिचं टोक रिमपासून केसभर अंतरावर ठेवा. घासण्याचा आवाज कुठे येतो ते ऐका. चाक मध्यावर आहे का हे पाहायला चाक काढून उलटं, डावी बाजू उजवीकडे करून बसवा. झिप टायपासूनचं अंतर दोन्ही वेळा सारखं यायला हवं.

मोजपट्टी

यात एक भर घालतो, पीळ. निपल फिरवताना घर्षणामुळे तारही थोडी पिळली जाते, विशेषतः बारीक तारा. आपल्याला वाटतं पाव फेरा घट्ट झाला, पण त्यातला काही भाग तारेच्या पिळात अडकलेला असतो. रस्त्यावर उतरल्यावर तो 'टिंग' करून सुटतो आणि चाकाला पुन्हा आउट येतो. तारेवर चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा म्हणजे पीळ दिसेल. पाव फेरा हवा असेल तर थोडं पुढे नेऊन तेवढंच मागे आणा, झेंडा मूळ जागी आला की झालं. चपट्या तारा असतील तर तार धरायचा चिमटा लागतोच.

नवशिकी

म्हणजे माझं ते चढावरचं 'टिक टिक' या पिळाचं असेल का?

रिमझिम

पीळ पहिल्या काही किलोमीटरांत सुटून जातो. रोज येणारं 'टिक टिक' बहुधा सैल स्पोकांचं, जिथे ते एकमेकांना ओलांडतात तिथलं. चढावर पायडलचा जोर लावला की मागच्या चाकातल्या निम्म्या स्पोकांवर ताण वाढतो आणि निम्म्यांचा कमी होतो. त्या क्षणी सैल स्पोक शेजाऱ्यावर घासतो. डावीकडचे छेडून पाहा आणि ओलांडणीपाशी तेलाचा बारीकसा थेंब सोडा. थेंबाने आवाज थांबला तर जागा नक्की कळली, पण इलाज ताण सारखा करणं हाच आहे.

वळणवाट, शेवटची एक गोष्ट वगळू नका. ताण सारखा झाला की एकाच बाजूचे दोन समांतर स्पोक मुठीत धरून जोरात आवळा. हातमोजे घाला, हाताला रुततात. पूर्ण चाकाला अशी फेरी मारा. स्पोकांच्या माना भोकांत नीट बसतात आणि वाकवलेल्या जागी अडकून राहिलेला जादा ताण निघून जातो. नवा स्पोक घातल्यावर ही पायरी गाळली जाते आणि मग तोच पुन्हा तुटतो. आवळल्यावर चाक एकदम लाटेसारखं वेडंवाकडं झालं, तर ताण रिमला झेपण्यापलीकडे गेला आहे. सगळे अर्धा फेरा सैल करून परत सुरुवात करा.

वळणवाट

दोन संध्याकाळी बसून काम केलं, आकडे देतो. हवा काढून, ट्यूनरवर. डावीकडचे १६ स्पोक आधी २४० ते ४३० हर्ट्झमध्ये विखुरलेले होते. म्हणजे कानसेन यांच्या हिशेबाने सर्वांत ताठ स्पोकाचा ताण सर्वांत सैलाच्या तिप्पट! आता ते ३४० ते ३७५ मध्ये आहेत. उजवीकडे फारसं काही करावं लागलं नाही. निपलच्या भोकांभोवती चिरा नाहीत, टॉर्चने दोनदा पाहिलं.

अडचण एकच. नवव्या आणि अकराव्या स्पोकांच्या मधे रिम साधारण १ मिमी उजवीकडे जाते. तिथे सरळ करायला गेलो की नववा ४२० वर जातो. काय करू? मन मानत नाही.

रिमझिम

तिथे रिमच वाकलेली आहे. आधी आउट काढताना तिथेच ओढाताण झाली असणार, आणि तुमचे तुटलेले स्पोक त्याच्या आसपासचे निघाले तर नवल नाही. नवव्याला ३८५ पर्यंत नेऊन थांबा, उरलेला आउट राहू द्या आणि ब्रेकची रबरं थोडी मागे घ्या. साठ-सत्तर किलोमीटर चालवल्यावर पुन्हा सगळे छेडा आणि वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहा.

वळणवाट

वही काढून पाहिली. तुटलेले तिन्ही नववा, अकरावा आणि पुन्हा अकरावा. नवव्याला ३८५ वर आणून ठेवलं आहे. ब्रेकची रबरं मागे घेतली. रविवारी लांब जातोय, आल्यावर आकडे टाकतो.